शेतकरी आठवडे बाजारात स्वातंत्र्यदिन कसा साजरा करावा

शेतकरी आठवडे बाजारात १५ ऑगस्ट साजरा करायचा ठरला की आयोजकांच्या बैठकीत पहिली चर्चा मंचाची, ध्वनिक्षेपकाची आणि प्रमुख पाहुण्यांची होते. ज्यांच्या जिवावर बाजार भरतो ते शेतकरी त्या दिवशीही पहाटे टेम्पो भरून निघणार असतात, ही गोष्ट मात्र सगळ्यात शेवटी आठवते. आमच्या बाजारात पहिल्या वर्षी नेमके हेच झाले. ध्वजवंदनानंतरची भाषणे दीड तास चालली, ती संपताच अर्धे लोक थेट घरी गेले आणि पावसाने उघडीप दिल्यामुळे पडलेल्या उन्हात मेथीच्या जुड्यांनी माना टाकल्या. साडेदहा वाजून गेले तरी एका शेतकऱ्याची भवानीसुद्धा झाली नव्हती. तेव्हापासून आम्ही एकच कसोटी ठेवली आहे. कार्यक्रमातला कोणताही भाग ठरवताना त्यामुळे शेतकऱ्याचा माल विकायला मदत होते की अडथळा होतो, एवढे पाहायचे, आणि अडथळा होत असेल तर तो भाग वगळायचा.

तयारीची सुरुवात वार पाहण्यापासून करावी. बाजार रविवारी भरत असेल आणि १५ ऑगस्ट शनिवारी येत असेल, तर लागोपाठ दोन दिवस बाजार भरवण्याचा मोह टाळावा, कारण गिऱ्हाईक आठवड्याची भाजी एकदाच घेते आणि दुसऱ्या दिवशी शेतकऱ्यावर माल परत नेण्याची वेळ येते. त्यापेक्षा त्या आठवड्याचा बाजारच एक दिवस अलीकडे आणावा. मात्र हे शेतकऱ्यांना किमान दोन आठवडे आधी सांगावे लागते, कारण भेंडीचा तोडा साधारणपणे एक दिवसाआड होतो आणि एका दिवसाच्या फरकाने भेंडी एक तर कोवळी राहते किंवा निबर होते. शिवाय अनेक गावांत १५ ऑगस्टला ग्रामसभा असते आणि मुलांच्या शाळेत झेंडावंदन असते. ज्यांना गावातच थांबायचे आहे त्यांचा गाळा त्या दिवशी रिकामा राहिला तरी चालेल, त्यांना पुढच्या आठवड्यात जागा गमवावी लागणार नाही, हे आयोजकांनी स्पष्ट शब्दांत सांगावे. शेतकरी उत्पादक कंपनी किंवा गट असेल तर एकाचा माल दुसऱ्याने आणून विकण्याची सोय करता येते. दुसरीकडे, त्या दिवशी बहुतेक बाजार समित्यांचे लिलाव बंद असतात आणि शहरातल्या लोकांना सुटी असते, त्यामुळे जे शेतकरी येऊ शकतात त्यांच्यासाठी हा दिवस खरोखर चांगल्या विक्रीचा असतो.

ध्वजवंदनाची वेळ मनाने ठरवू नये. राज्य शासन दरवर्षी परिपत्रक काढते. मुख्य शासकीय ध्वजारोहण सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी होत असल्यामुळे ८.३५ ते ९.३५ या तासाभरात इतर कार्यक्रम ठेवू नयेत आणि ज्यांना स्वतंत्र ध्वजारोहण करायचे आहे त्यांनी ते या वेळेच्या आधी किंवा नंतर करावे, अशी सूचना त्यात असते. त्या वर्षीचे परिपत्रक एकदा पाहून घ्यावे. बाजारासाठी सकाळी साडेसात ही वेळ सर्वात सोयीची पडते, कारण तोपर्यंत क्रेट उतरवून माल मांडून झालेला असतो आणि गर्दी सुरू व्हायची असते. म्हणजे झेंडा आधी आणि भवानी नंतर, असा क्रम कोणाचेही नुकसान न होता पाळता येतो. जागेच्या मालकाची लेखी संमती आणि ध्वनिक्षेपक लावणार असल्यास पोलीस ठाण्याची परवानगी या दोन गोष्टी आठवडाभर आधी हातात असाव्यात.

ध्वजाच्या बाबतीत मात्र घाई उपयोगाची नाही. भारतीय ध्वजसंहिता २००२ साली लागू झाली, आणि ध्वजाचा अवमान झाल्यास १९७१ च्या राष्ट्रीय प्रतिष्ठा अवमान प्रतिबंध कायद्याने शिक्षा होऊ शकते. ध्वजाची लांबी आणि रुंदी यांचे प्रमाण ३:२ असते, त्यामुळे बाजाराच्या मैदानासाठी तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद ध्वज पुरेसा होतो. २०२१ च्या अखेरीस झालेल्या दुरुस्तीनंतर यंत्रावर तयार केलेला आणि पॉलिस्टरचा ध्वजही चालतो, पण शक्य असेल तर खादीचा घ्यावा. रंग उडालेला किंवा कड विरलेला ध्वज लावू नये. त्याच काठीवर दुसरा कोणताही झेंडा, बाजाराचा फलक किंवा प्रायोजकाची पताका नसावी आणि आसपासचे कोणतेही निशाण ध्वजापेक्षा उंच जाऊ नये. आपल्याकडच्या बाजारात ताडपत्रीचे खांब ध्वजाच्या काठीपेक्षा उंच असण्याची शक्यता बरीच असते, म्हणून काठी आदल्या दिवशीच रोवून सर्व बाजूंनी लांबून पाहून घ्यावी.

घडी करून बांधलेल्या ध्वजाची पुडी वर गेल्यावर दोरी ओढताच सुटेल, अशा गाठीचा सराव हा या सगळ्यातला सर्वात दुर्लक्षित भाग आहे. ध्वजात फुलांच्या पाकळ्या ठेवण्यास ध्वजसंहितेची हरकत नाही, पण पाकळ्या ओंजळभरच घ्याव्यात, कारण जास्त पाकळ्यांनी पुडी फुगते आणि गाठ आवळून बसते. ऑगस्टच्या पावसात सुती दोरी भिजून फुगते आणि ऐन वेळी सरकफास सुटत नाही, तर नायलॉनची दोरी इतकी निसटती असते की पुडी अर्ध्या वाटेतच उघडते. दोरी कोणतीही असो, आदल्या संध्याकाळी ती मुद्दाम पाण्यात भिजवावी, ध्वजाऐवजी तेवढ्याच मापाचा साधा रुमाल बांधावा आणि ज्याच्या हातून ध्वजारोहण होणार आहे त्याच्याकडूनच तीन-चार वेळा दोरी ओढून घ्यावी. केशरी पट्टा वर येईल याची खात्री याच वेळी करावी आणि दोरीच्या वरच्या टोकाला लाल सुतळीची खूण बांधून ठेवावी. ध्वज झपाट्याने वर चढवायचा असतो आणि उतरवताना सावकाश उतरवायचा असतो, हेही सांगून ठेवावे.

ध्वजारोहणाचा मान कोणाला द्यावा, यावर वाद होतोच. माझे मत असे आहे की तो बाजारात वर्षभर नियमित येणाऱ्या शेतकऱ्याला, आणि त्यातही गाळ्यावर बसून विक्री सांभाळणाऱ्या एखाद्या शेतकरी बाईंना द्यावा. नगरसेवकांना, सोसायटीच्या अध्यक्षांना अवश्य बोलवावे, पण ते पिशवी घेऊन आले तर अधिक बरे. कोणाचा सत्कार करायचाच असेल तर पुष्पगुच्छाऐवजी त्याच बाजारातून, पुढे लावलेल्या भावाने, रोख पैसे देऊन घेतलेल्या भाज्यांची टोपली द्यावी.

राष्ट्रगीत पूर्ण म्हणायला सुमारे ५२ सेकंद लागतात. तेवढ्या वेळासाठी ध्वनिमुद्रण लावण्याची गरज नसते, जवळच्या शाळेतली चार मुले पुढे उभी राहिली की सगळा बाजार सूर धरतो. त्याआधी दोन मिनिटे एका माणसाने सगळ्या गाळ्यांवरून फिरून काटे बंद करायला, हातातला व्यवहार पुरा करायला आणि टेम्पोची इंजिने थांबवायला सांगावे. राष्ट्रगीतानंतर एकाच व्यक्तीने तीन मिनिटे बोलावे आणि लगेच विक्री सुरू करावी.

सजावटीत सर्वाधिक चुका अजाणता होतात. तिरंगा गाळ्यावर अंथरणे, टेबलाला झालर म्हणून लावणे किंवा त्यावर भाव लिहिणे ध्वजसंहितेत बसत नाही. प्लास्टिकचे झेंडे आणि सजावटीचा थर्माकोल यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. त्याऐवजी मालच अशा रीतीने मांडावा की सजावट वेगळी करायला लागू नये. या हंगामात स्थानिक गाजर फारसे मिळत नाही, म्हणून केशरी रंगासाठी लाल भोपळ्याच्या फोडी आणि झेंडू, पांढऱ्यासाठी मुळा किंवा फ्लॉवर आणि हिरव्यासाठी भेंडी, मिरची, पडवळ असे ओळीने लावता येते. मात्र त्यात अशोकचक्र काढू नये, कारण दहा मिनिटांत गिऱ्हाईक त्यातलाच मुळा उचलणार असतो. रांगोळीही लोकांचे पाय पडणार नाहीत अशा कोपऱ्यात काढावी.

आता मालाविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण त्या दिवशी लोक बाजारात रमतात ते मालामुळेच. १५ ऑगस्ट बहुतेक वर्षी श्रावणात किंवा त्याच्या आसपास येतो. त्यामुळे उपवासाची रताळी, केळी, काकडी, लाल भोपळा आणि नैवेद्यासाठी अळू व घोसाळी यांना मागणी असते. याच सुमारास रानभाज्याही निघतात, आणि कृषी विभाग ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाला जोडून ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो. तोच धागा पकडून बाजारात रानभाज्यांचा एक वेगळा गाळा ठेवावा. शहरातल्या गिऱ्हाइकाला कर्टोली ओळखता येते, पण भारंगी उकळून पाणी पिळून टाकल्याशिवाय कडवट लागते आणि फोडशी निवडताना आतला पांढरा ताठ दांडा काढावा लागतो, हे ठाऊक नसते, म्हणून तो चार पाने घेऊन जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा फिरकत नाही. गाळ्यावर बसलेल्या बाईंनी एक जुडी समोरच निवडून दाखवली की विक्री आपोआप वाढते. आमच्याकडे एका मावशींनी फोडशीची एक काडी मधोमध मोडून, आतला दांडा अलगद ओढून बाहेर काढला आणि समोरच्या मुलाच्या हातात ठेवला, तेव्हा त्याची आई दोन जुड्या घेऊनच हलली. रानभाज्या मात्र ज्यांना त्या पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत त्यांच्याकडूनच घ्याव्यात, आणि जिची ओळख पटत नाही ती भाजी विक्रीला ठेवू नये.

भावाबाबत एक पथ्य पाळावे. ‘स्वातंत्र्यदिनानिमित्त सवलत’ असा फलक लावण्याची कल्पना कोणाला तरी सुचतेच, पण ती सवलत शेतकऱ्याच्या खिशातून जात असते. आयोजकांना काही द्यायचेच असेल तर त्या दिवशीचे गाळाभाडे माफ करावे किंवा कापडी पिशव्या स्वतःच्या खर्चाने वाटाव्यात. प्रत्येक गाळ्यावर भावफलक असावा आणि काट्यावर वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का आहे का, हे आदल्या आठवड्यातच पाहावे. सुटीच्या दिवशी नव्या गिऱ्हाइकांची संख्या जास्त असते आणि वजनावरून झालेली एक कुरबुर पूर्ण रांगेला ऐकू जाते. सुट्या पैशांसाठी आयोजकांनी दहा-वीसच्या नोटांची एक पेटी ठेवावी, कारण त्या दिवशी बँका बंद असतात.

भाषणांना कात्री लावली म्हणजे दिवसाचा अर्थ सांगायचा राहतो असे नाही. तो हाताने लिहिलेल्या चार फलकांवर, गाळ्यांच्या मधे मधे, खरेदी करता करता वाचता येईल असा मांडावा. स्वातंत्र्यलढ्यात शेतकरी नुसता प्रेक्षक नव्हता, हे दाखवणारे प्रसंग महाराष्ट्रातच भरपूर आहेत. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये उभा राहिलेला आणि सेनापती बापटांच्या नावाशी जोडला गेलेला सत्याग्रह, २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेरला झालेला जंगल सत्याग्रह, खोतीविरुद्ध, म्हणजे खोतांच्या जमीनदारीविरुद्ध, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात १९३३ पासून १९३९ पर्यंत चाललेला शेतकऱ्यांचा संप आणि १९४२ नंतर सातारा भागात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली चाललेले प्रतिसरकार, एवढे चार फलक पुरेत. प्रत्येक फलकावर पाचच ओळी असाव्यात आणि अक्षर दोन पावलांवरून वाचता येईल एवढे मोठे असावे. आपल्या बाजारात येणारे शेतकरी ज्या तालुक्यांतले आहेत, तिथला एखादा प्रसंग मिळाला तर तो पहिला लावावा.

मुलांसाठी मोठ्या स्पर्धा नकोत. दहा पाने किंवा बिया ताटात ठेवून ‘ओळखा पाहू’ एवढा खेळ आणि बक्षीस म्हणून कोथिंबिरीची जुडी, इतके पुरते. घरी नेण्यासाठी जुन्या डब्यात धणे पेरून द्यायचे असतील तर ते आधी हलके रगडून दोन भागांत फोडावेत. अंकुर दिसायला आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे धीर नसलेल्या लहान मुलांना तीन-चार दिवसांत उगवणारी मेथी द्यावी.

पावसाची तयारी करणे म्हणजे ताडपत्री बांधणे एवढेच नव्हे. पाणी ताडपत्रीवर साचून अचानक गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ओतले जाऊ नये म्हणून ती उतरती बांधावी, चिखलाच्या जागी मुरूम टाकावा आणि विजेच्या तारा जमिनीवरून नेऊ नयेत. खाद्यपदार्थांचे गाळे भाजीच्या रांगेच्या टोकाला ठेवावेत आणि त्यांच्याकडे अन्न सुरक्षेची नोंदणी असावी.

लोक हातात घेऊन आलेले कागदी झेंडे दुपारपर्यंत जमिनीवर पडू लागतात. बाहेर पडण्याच्या वाटेवर एक झाकणाची पेटी ठेवून ‘झेंडे येथे द्यावेत’ असे लिहावे, आणि जमा झालेले झेंडे कचऱ्यात न टाकता नंतर खाजगी जागी सन्मानाने नष्ट करावेत. भाजीचा पालापाचोळा वेगळा ठेवून खताच्या खड्ड्यात किंवा गोठ्यात पोहोचवावा.

बाजार दुपारी दोनपर्यंत उठतो, गाळे मोडले जातात, आणि मोकळ्या मैदानात ध्वज एकटाच राहतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर नागरिकांना ध्वज रात्रंदिवस फडकवता येतो, तरी राखण करायला कोणी नसेल तिथे तो सूर्यास्तापूर्वी उतरवणेच योग्य ठरते. हे काम कोणाचे, हे सकाळीच एका माणसाचे नाव घेऊन ठरवावे, नाही तर ते कोणाचेच राहत नाही. उतरवलेला ध्वज भिजला असेल तर तसाच घडी करून ठेवू नये, खादीवर बुरशीचे डाग पडतात. तो सावलीत वाळू द्यावा, मग केशरी व हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडावा, दोन्ही बाजूंनी मध्याकडे घड्या घालून चक्र वर दिसेल असे करावे, आणि कोरड्या सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवावा. दोरीही वेगळी वाळवून त्याच कपाटात ठेवावी, कारण २६ जानेवारीला ती शोधावी लागते.