छोटा ट्रॅक्टर घेताय? आधी पाय कुठे पडतात ते बघा

कारखान्यांचे पट्टे पडत आले, उसाची बिलं खात्यावर यायला लागली, की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात ट्रॅक्टरची बोलणी सुरू होतात. पाडव्याला गाडी दारात उभी करायची, वळीव झाला की मशागत उरकायची आणि रोहिणीच्या सुमाराला धूळवाफेवर भात पेरून मोकळं व्हायचं, असा बेत असतो. मोठा ट्रॅक्टर नांगरटीपुरता भाड्याने मिळतोच. घरचा घ्यायचा तर 15 ते 28 हॉर्सपॉवरचा छोटा, हे आता बऱ्याच घरांत ठरलंय. हिशेब बरोबर आहे. उसाच्या सरीत बाळबांधणीला, उचगाव-बेकिनकेरेकडच्या रताळ्यांच्या वरंब्यांत किंवा अथणीच्या द्राक्षबागेत मोठी गाडी घालून उपयोग नाही.

शोरूममध्ये मात्र सगळं बोलणं हॉर्सपॉवर, लिफ्टची ताकद, डिझेल आणि जुन्या गाडीच्या एक्स्चेंजवर होतं. पेडलचा विषय निघालाच तर विकणारा पोरगा ‘ते सगळ्यांचं सारखंच असतंय मामा’ म्हणून पुढं सरकतो. अर्धं खरं आहे. गिअरच्या ट्रॅक्टरला डाव्या पायाकडे क्लच, उजव्या पायाकडे जोडीचे ब्रेक आणि त्यांच्या उजवीकडे ॲक्सिलरेटर, हा क्रम ठरलेलाच. पण पेडलची उंची, दोन पेडलांमधली फट, दाबायला लागणारा जोर आणि पायाखालची जागा हे मॉडेलगणिक बदलतं. आणि छोट्या ट्रॅक्टरमध्ये जागाच कमी, म्हणून फरक जास्त जाणवतो.

बांधावरचं वळण

आपली रानं तुकड्यांची. एक एकर रान 100 मीटर लांब आणि 40 मीटर रुंद धरा. चार फुटी रोटाव्हेटर लांबीने चालवला तर 33 च्या आसपास वळणं घ्यावी लागतात, आडवा चालवला तर 80 च्या वर. हेच एकर चार तुकड्यांत, मध्ये बांध घालून असेल तर आणखी वाढली. प्रत्येक वळणाला क्लच, ब्रेक, हायड्रोलिक उचल, परत क्लच. हॉर्सपॉवर दिवसातून कितीदा कमी पडते आणि पाय कितीदा अवघडतो, याचा विचार करून बघा.

ब्रेक दोन असण्याचं कारण हेच वळण आहे. डावं पेडल फक्त डाव्या मागच्या चाकाला, उजवं फक्त उजव्या चाकाला. आत वळायच्या बाजूचा ब्रेक दाबून स्टेअरिंग फिरवलं की ते चाक जागच्या जागी राहतं आणि गाडी त्याच्याभोवती फिरते. माहितीपत्रकात वळणाची त्रिज्या दिलेली असते, ती बहुतेक वेळा ‘ब्रेकसह’ असते. म्हणजे तो आकडा तुमच्या पायावर अवलंबून आहे. एकच पेडल नेमकं दाबता आलं नाही, बूट शेजारच्यावरही चढला, तर गाडी वळण्याऐवजी थांबते आणि पुन्हा रिव्हर्स घ्यावा लागतो.

म्हणून डीलरकडे जाताना रानात जे घालता तेच पायात घालून जा. पावसात गमबूट घालत असाल तर गमबूट न्या. लाज वाटायचं काही कारण नाही, पैसे तुम्ही मोजताय. सीटवर बसून आधी डावा ब्रेक एकटा, मग उजवा एकटा, मग दोन्ही मिळून दाबा. खाली न बघता. दोन्ही पेडलं एका पातळीत हवीत आणि सारख्याच जोराने खाली जायला हवीत. नंतर ब्रेकवरून पाय ॲक्सिलरेटरवर न्या. मध्ये इतकी जागा हवी की ब्रेक दाबताना बुटाची कड ॲक्सिलरेटरला लागणार नाही. काही छोट्या गाड्यांत ही जागा अगदीच चिंचोळी असते आणि शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर, पायात चप्पल असताना ते कळतच नाही.

पाय पसरून की पाय टेकून

छोट्या गाड्यांत बसायच्या दोन तऱ्हा आहेत. एकात गिअरबॉक्स दोन पायांच्या मधून जातो आणि पाय दोन्ही बाजूंच्या छोट्या पायऱ्यांवर ठेवायचे, म्हणजे जवळपास घोड्यावर बसल्यासारखं. दुसऱ्यात पायाखाली सपाट प्लॅटफॉर्म असतो. पहिल्या तऱ्हेत गाडी अरुंद आणि बुटकी राहते, सरीत बरी जाते. पण उंच माणसाचा गुडघा स्टेअरिंगला नाहीतर गिअरच्या दांड्याला लागतो. सपाट प्लॅटफॉर्म दिवसभराच्या कामाला आरामाचा, चढ-उतरही सोपी. रोज दोन-तीन तास कोळपणी-फवारणी असेल तर पहिली चालेल. घरचं उरकून चार लोकांची भाड्याची कामंही करायची असतील तर मी सपाट प्लॅटफॉर्मच सांगेन, थोडे पैसे जास्त गेले तरी.

गाडी घरात कोण कोण चालवणार, हेही आधी ठरवा. बाबा, मुलगा, कधी वहिनी, सुगीत रोजंदारीवरचा ड्रायव्हर. त्यातल्या सर्वांत बुटक्या माणसाला घेऊन जा. सीट पुढे ओढून त्याने क्लच पूर्ण खालपर्यंत दाबावा. कंबर सीटवरून सरकत असेल किंवा टाच उचलून बोटांवर जोर द्यावा लागत असेल तर ती गाडी त्याच्यासाठी नाही. क्लच अर्धाच दाबला जातो, गिअर करकरतो, प्लेट झिजते, आणि मग दोष जातो कंपनीवर.

क्लचचा प्रकारही विचारा. सिंगल क्लचमध्ये पेडल दाबलं की चाकं थांबतात तसा पीटीओही (मागच्या अवजाराला फिरवणारा ट्रॅक्टरचा शाफ्ट) थांबतो. वळणावर रोटाव्हेटर किंवा बागेतला ब्लोअर बंद पडायचा, परत फिरायला लागायचा. डबल क्लचमध्ये अर्ध्यावर दाबलं की फक्त गाडी थांबते, पूर्ण दाबलं की पीटीओही. हा अर्धा टप्पा पायाला नीट जाणवायला हवा. काही गाड्यांत तो इतका मऊ असतो की नवख्याला सापडत नाही. पीटीओला वेगळा दांडा किंवा बटण असेल तर हा प्रश्नच मिटतो.

चिखल आणि ब्रेक

खानापूरकडे रोप लावणीसाठी चिखलणी करणाऱ्यांनी ब्रेक कोरडे आहेत की तेलात बुडालेले, हे विचारल्याशिवाय पुढे बोलूच नये. कोरड्या ब्रेकमध्ये चिखलपाणी शिरलं की पकड ढिली पडते आणि वाळल्यावर आतली माती अस्तर घासून काढते. तेलातले ब्रेक बंद पेटीत असतात, पाण्यात उतरले तरी फरक पडत नाही, तापतातही कमी. त्यांची एक अट आहे: मागच्या हौसिंगमधलं तेल वेळेवर आणि कंपनीने सांगितलेल्या प्रतीचंच घाला. भलतंच तेल घातलं की ब्रेक दाबल्यावर कर्रर्र आवाज येतो, आणि काम निघालं तर हौसिंग खोलावं लागतं. कोरड्या ब्रेकचं अस्तर गावचा फिटरही बदलून देतो. येळ्ळूर, सांबऱ्याकडे पेरभात, नंतर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा करणाऱ्यांना कोरडे ब्रेकही पुरतील. पण आता बऱ्याच मॉडेलांत तेलातलेच येतात, तर तेच घ्या.

आता फाल्गुनात कुठे चिखल नाही, म्हणून डेमो कोरड्या रानात उरकतो. तसं करू नका. गाडी रानात मागवा, बोअरचं पाणी सोडून एक कोपरा भिजवा, चपलेला चिखल लागू द्या आणि मग ब्रेक दाबा. पेडलवर खाचा किंवा जाड रबर आहे का, पाय बाहेर घसरू नये म्हणून कडेला उंचवटा आहे का, हे तिथेच समजतं. एक बादली पाणी प्लॅटफॉर्मवरही ओता. पाणी साचून राहत असेल तर आषाढात तिथे पाय ठरणार नाही.

रस्त्यावर कडी लावलेलीच हवी

रानात वेगळे दाबायचे ब्रेक रस्त्यावर एकत्र जोडावे लागतात. त्यासाठी दोन पेडलांमध्ये एक पट्टी किंवा कडी असते. सगळ्या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही. वेगात असताना एकाच चाकाला ब्रेक लागला की गाडी त्या बाजूला ओढली जाते, आणि छोटी असली तरी उलटू शकते. तासाला 25 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 7 मीटर. वेंगुर्ला रोडवर समोर अचानक दुचाकी आली तर पाय कुठल्या पेडलवर पडला हे बघायला वेळ नसतो.

खरेदीच्या वेळी बघायचं ते हे: कडी सीटवर बसून हाताने किंवा पायाने लावता येते का, की खाली उतरून वाकावं लागतं? उतरावं लागत असेल तर माणूस आठवड्याभरात कंटाळतो आणि कडी कायमची उघडी राहते. लावल्यावर ती घट्ट बसते का, खड्ड्यात उसळून निघते का, हेही तपासा.

पार्किंग ब्रेक बऱ्याच गाड्यांत याच पेडलांना अडकवतो. कडी उघडी असताना तो लावला तर एकच चाक धरलं जाण्याचा धोका असतो. त्यामुळे आधी कडी, मग पार्किंग ब्रेक. डीलरच्या दारातल्या रॅम्पवर गाडी न्यूट्रलला उभी करून, पार्किंग ब्रेक लावून बघा. मात्र स्टेअरिंगवरचा माणूस उतरू देऊ नका.

जांबोटी, कणकुंबीकडे उताराची रानं आणि पाऊस दोन्ही जास्त. या गाड्यांना ब्रेक मागच्याच चाकांना असतात. फोर व्हील ड्राइव्ह जोडलेला असला की पुढची चाकंही मागच्यांशी बांधली जातात आणि ओल्या तांबड्या मातीच्या उतारावर पकड चांगली मिळते. डांबरी सडकेवर आल्यावर तो काढा, नाहीतर पुढचे टायर झिजतात. उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रलला गाडी सोडायची सवय असेल तर मोडा. इंजिनाची ओढ जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. मागे शेणखताची ट्रॉली असेल तर ती ट्रॅक्टरला ढकलते. छोट्या ट्रॅक्टरला मोठ्या गाडीची ट्रॉली, तीही ऊस भरून जोडलेली, दर हंगामात दिसते. ट्रॅक्टर ओढतो म्हणून जोडतात; थांबवू शकतो का, ते कोणी विचारत नाही.

एक पेडल पुढे, एक मागे

परदेशी छोट्या ट्रॅक्टरचे व्हिडिओ बघून मुलं विचारतात, गिअर नसलेला का घेऊ नये? तो हायड्रोस्टॅटिक प्रकार. उजव्या पायाने पेडल दाबलं की गाडी चालते, सोडलं की थांबते. कुबोटाच्या तिकडच्या अनेक मॉडेलांत एकच लांब पेडल असतं, पंजाने पुढे आणि टाचेने मागे. जॉन डिअरच्या तशा गाड्यांत पुढचं आणि मागचं अशी दोन वेगळी पेडलं शेजारी असतात. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत ब्रेक डाव्या पायाकडे. लॉन कापायला, लोडरने माती उचलायला फार सोयीचं. आपल्याकडे असली गाडी क्वचितच मिळते, महाग पडते, आणि गिअरच्या गाडीवर हात बसलेला माणूस गडबडीत उजवा पाय ब्रेक म्हणून नेमका चालवायच्या पेडलवर ठेवतो. घरात दोन्ही प्रकारच्या गाड्या ठेवणार असाल तर दहादा विचार करा.

सेकंडहँड घेताना

जुन्या गाडीचा रंग नवा मारता येतो, तासांचं मीटर फिरवता येतं. पेडलकडे मात्र विकणाऱ्याचं लक्ष जात नाही. एका ब्रेकचं रबर गुळगुळीत आणि दुसऱ्याच्या खाचा शाबूत असतील तर गाडी वर्षानुवर्षं एकाच बाजूला वळवलेली आहे. दोन्ही ब्रेक सारखे लागणार नाहीत. कडी गंजून एकाच जागी बसलेली किंवा तारेने वर बांधलेली दिसली तर ती कधी वापरलीच नाही म्हणून समजा. मग कोरड्या, मोकळ्या, सपाट जागी कडी लावून हळू वेगात गाडी चालवा आणि जोरात ब्रेक दाबा. उतरून मातीवरच्या खुणा बघा: दोन्ही चाकांचे ओरखडे सारख्याच लांबीचे हवेत आणि गाडी सरळ थांबायला हवी. एका बाजूला ओढत असेल तर आधी दोन्ही पेडलांची ढील सारखी करून घ्या, तरीही फरक राहिला तर किंमत पाडा किंवा सोडून द्या.

नव्या गाडीसाठी डीलरकडे त्या मॉडेलचा चाचणी अहवाल मागा. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरच्या चाचण्या होतात आणि त्यात ब्रेकचीही चाचणी असते. दोन मॉडेलांचे अहवाल शेजारी ठेवून वाचले की विकणाऱ्याच्या बोलण्यातलं किती धरायचं ते समजतं. सगळी मॉडेलं एका जागी बघायची असतील तर धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा मेळा बरा, पण तो बहुधा सप्टेंबरात असतो. पाडव्याची घाई नसेल त्यांनी दसऱ्यावर ढकलायला हरकत नाही.

अनुदान हवं असेल तर खरेदीच्या आधी आपल्या होबळीच्या (तालुक्यातल्या महसुली विभागाच्या) रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या कार्यालयात जा. एफआयडी (शेतकरी ओळख क्रमांक) लागतो आणि अनुदान यादीतल्या मॉडेलांनाच मिळतं, त्यामुळे आवडलेली गाडी यादीत आहे का ते तिथेच विचारा. कन्नड वाचणारं घरातलं कोणीतरी सोबत असू द्या. गडहिंग्लज किंवा कोल्हापूरकडून जुनी गाडी आणत असाल तर एमएच 09 ची गाडी केए 22 किंवा केए 23 वर करून घ्यावी लागते. तिकडच्या आरटीओची एनओसी आणि कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.