मत कोणत्या पक्षाला? ठरवताना या चुका टाळा

अमळनेरला थंडीत निवडणूक लागली की आधी वांगी महागतात. प्रचाराच्या सभा नंतर, शेतातल्या भरीत पार्ट्या आधी. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, लाकडी मुसळानं ठेचलेलं भरीत, वरून मिरची-शेंगदाण्याची फोडणी आणि कळण्याची भाकरी. पालिकेच्या निवडणुकीआधी अशाच एका पार्टीत माझ्या शेजारी बसलेले नाना यजमानाला म्हणाले, "कपाशीले भाव दे, मंग मत ले." यजमान म्हणजे आमच्या प्रभागातले नगरसेवकपदाचे इच्छुक. तेही लगेच, "नक्की नाना, तुमनं काम व्हयनं समजा!"

आता नगरसेवक कपाशीला भाव कुठून देणार? पण नानांना हसायचा मला हक्क नाही. एका लोकसभेला मीही आमच्या गल्लीतल्या तुंबलेल्या गटारीच्या रागात बटण दाबून आलो होतो. खासदार बदलला की नाही ते सोडा, गटार तशीच राहिली.

चूक पहिली: निवडणूक कसली आहे ते न बघणं

माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक, कारण बाकीचा गोंधळ इथूनच सुरू होतो. पक्ष कोणता, हे नंतर. आधी एका कागदावर आपली तीन दुखणी लिहा आणि प्रत्येकापुढे ते कोणाच्या हातात आहे ते लिहा.

कपाशीचं बघा. हमीभाव केंद्र ठरवतं, सीसीआयची (भारतीय कापूस महामंडळाची) खरेदी केंद्राची आणि आयात शुल्कही केंद्राचंच. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये क्विंटल होता. त्याच वर्षी 19 ऑगस्टपासून कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ झालं आणि ती माफी 31 डिसेंबरपर्यंत वाढली. म्हणजे आपला नवा कापूस घरात येण्याच्या नेमक्या दिवसांत. ते बरोबर होतं की चूक, यावर शेतकरी आणि सूतगिरणीवाला यांचं एकमत व्हायचं नाही. पण हा सवाल लोकसभेच्या उमेदवाराला विचारायचा, प्रभागातल्या पोराला नाही.

शेतीपंपाची वीज, पोलीस, सिव्हिल हॉस्पिटल हे राज्याचं, म्हणजे विधानसभेला. झेडपीची शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, गावाचा रस्ता हे जिल्हा परिषदेचं. नळ, गटार, कचरा, पथदिवे पालिकेचे. काही कामं मात्र दोघांच्या मध्ये लोंबकळतात. तापीवरचं पाडळसे धरण राज्याचं, पण पैशासाठी डोळे दिल्लीकडे. अशा कामात दोन्हीकडचे एकमेकांकडे बोट दाखवतात, तेव्हा दोघांनाही एकच प्रश्न विचारा: मागच्या पाच वर्षांत तुमच्या बाजूनं कोणता कागद पुढे सरकला?

चूक दुसरी: नारळ फुटला म्हणजे काम झालं

मनमाड-इंदूर रेल्वे आमच्या वडिलांनी ऐकली, आम्ही ऐकली. केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी आली सप्टेंबर 2024 मध्ये: 309 किलोमीटर, 18,036 कोटी. चांगलंच झालं. पण सर्वेक्षण, मंजुरी, निधी, भूसंपादन आणि प्रत्यक्ष काम या पाच वेगवेगळ्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर वेगळा बॅनर लागतो. जाहीरनाम्यातलं कुठलंही आश्वासन वाचताना ते यापैकी कुठे आहे, एवढं विचारलं तरी अर्धे बॅनर आपोआप उतरतात.

चूक तिसरी: "पक्ष बघू नका, माणूस बघा" हे सगळीकडे लावणं

ऐकायला छान वाटतं. पण आमदार-खासदार सभागृहात पक्षाच्या व्हिपनं, म्हणजे कसं मत द्यायचं या आदेशानं, बांधलेला असतो. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे व्हिप मोडला तर पद जाऊ शकतं. माणूस कितीही देवमाणूस असो, महत्त्वाच्या मतदानाला हात पक्ष सांगेल तसाच वर होणार. म्हणून लोकसभा-विधानसभेला पक्षाची भूमिका आधी, माणूस नंतर. पालिकेत उलट: तिथं रात्री पाइपलाइन फुटल्यावर फोन कोण उचलतो, हे चिन्हापेक्षा महत्त्वाचं. ग्रामपंचायतीला तर पक्षाचं चिन्हच नसतं, पॅनल असतं.

आणि चिन्हाचं म्हणाल तर 2022 मध्ये शिवसेना आणि 2023 मध्ये राष्ट्रवादी फुटल्यावर कित्येक म्हाताऱ्या माणसांनी सवयीनं जुनी निशाणी शोधली. त्या निशाणीमागे आज कोण आहे, हे घरातल्यांनी त्यांना आधीच नीट सांगावं. कोणाला द्या हे सांगू नये, फक्त कोण कुठे आहे ते सांगावं.

चूक चौथी: शपथपत्र न उघडणं

लोकसभा-विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराचं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या साइटवर असतं. मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे, सगळं. उमेदवार आधीही लढलेला असेल तर मागच्या वेळचं शपथपत्र शेजारी ठेवा, पाच वर्षांत काय काय वाढलं ते दिसतं. गुन्ह्यांचा नुसता आकडा बघून मात्र घाबरू नका. कापूस आंदोलनात रास्ता रोको केला म्हणून गुन्हा आणि ठेवीदारांचे पैसे बुडवले म्हणून गुन्हा एका तागडीत घालू नयेत. कलम वाचा, वकील ओळखीचा असेल तर चहा पाजून विचारा.

चूक पाचवी: हवा बघून देणं

नानांचा दुसरा सिद्धांत: "जो निवडी येवाव शे, त्यालेच देसू." मत वाया जायला नको म्हणे. मग 2024 ची धुळे लोकसभा आठवा. निकाल लागला 3,831 मतांनी. सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत मागे असलेला उमेदवार एकट्या मालेगाव मध्यच्या आघाडीवर जिंकला. धुळ्याच्या चौकात बसून हवा ओळखणारे सगळे तोंडघशी पडले, कारण मतदारसंघाचा अर्धा भाग नाशिक जिल्ह्यात आहे, हेच ते विसरले होते.

नोटाबद्दल, म्हणजे "यांपैकी कोणीही नाही" या बटणाबद्दल, एकच: लोकसभा-विधानसभेत नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तरी उमेदवारांमध्ये पुढे असलेलाच निवडून येतो. राग नोंदवायचा असेल तर दाबा, निकाल बदलायला नाही.

चूक सहावी: खाल्ल्या मिठाला जागणं

पाकीट घेणं हाही गुन्हा आहे, नुसतं देणं नाही. पण भरीत खाल्लं म्हणून आपण बांधलो गेलो, असं खूप जणांना मनातून वाटतं. त्यात कुणीतरी सोडून देतो, "मशीनमध्ये सगळं कळतं." कळत नाही. लोकसभा-विधानसभेला व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कोणाला गेलं ते दाखवणाऱ्या यंत्राची, चिठ्ठी सात सेकंद तुम्हाला दिसते आणि पेटीत पडते, त्यावर तुमचं नाव नसतं. मोजणीत बूथनिहाय आकडे कळतात, माणूस कळत नाही.

पालिकेला आणखी एक घोळ होतो. तिथं एकाच वेळी नगराध्यक्ष आणि प्रभागातले सदस्य अशी एकापेक्षा जास्त मतं द्यायची असतात. एक बटण दाबून माघारी फिरू नका आणि सगळी मतं एकाच पक्षाला गेली पाहिजेत असाही नियम नाही.

हे सगळं त्या दिवशी मी नानांना भाकरी मोडता मोडता सांगितलं. कपाशीचं दिल्लीत, विजेचं मुंबईत. नाना घास थांबवून म्हणाले, "मंग गटारनं कोणले सांगानं?"

मी समोर बोट केलं. इच्छुक साहेब आमच्या ताटात भरीत वाढायला वाकले होते.