जुनी कॅसेट संगणकावर उतरवताना

घरातल्या भजन-कीर्तनाच्या किंवा नाट्यसंगीताच्या कॅसेटमधलं सगळंच स्ट्रीमिंगवर सापडेल याची खात्री नसते, म्हणून ती टाकण्याआधी उतरवून घ्या.

आधी खिडकीतून रिळाच्या कडा बघा. पांढरे ठिपके असतील तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट मुळीच लावू नका, बुरशी हेडवरून (डेकमधला फीत वाचणारा भाग) पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागू शकते. फितीमागचा फेल्टचा छोटा तुकडा गळला असेल तर आवाज दबका येतो. तेव्हा रीळ पाच स्क्रूंच्या दुसऱ्या कवचात हलवा.

कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही टॅब तोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. एकदा पूर्ण पुढे आणि मागे फिरवा. वर्षानुवर्षं पडून राहिलेली फीत चिकटून अडकते, ती मोकळी होते. हेड कापसाच्या काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा.

डेकच्या (कॅसेट प्लेअरच्या) लाइन-आउटमधून संगणकाच्या लाइन-इनला जोडा. माइकच्या खाचेत जोडलं तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये दर्जा २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. सी-६०ची (६० मिनिटांच्या कॅसेटची) एक बाजू साधारण ३० मिनिटांची, तेवढा वेळ द्यावाच लागतो. मूळ प्रत फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणारा फाइल-प्रकार) दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा. एमपी३ फक्त मोबाइलसाठी.