मुलाचा थायरॉइड चेक करायचाय? आधी उंची मोजा

पोरगं जाड झालं की शेजारच्या काकूंपासून सगळे म्हणतात थायरॉइड बघून घ्या. पण थायरॉइड कमी पडला की मुलांमध्ये बऱ्याचदा आधी अडते ती उंची. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५-६ सेंमी वाढतं, ते ४ च्या खाली आलं, मागच्या वर्षीची युनिफॉर्मची पँट अजून लांबीला बरोबर बसतेय, तर डॉक्टरांकडे जा. जाड असून उंचीही छान वाढतेय अशा मुलाला सहसा हा त्रास नसतो, उलट जाडीमुळेच टीएसएच (थायरॉइड कमी पडला की रक्तात वाढणारा हार्मोन) थोडा वर दिसू शकतो. सोबत बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, सारखी थंडी वाजणं, सुस्ती, हेही बघा. मान जरा वर करून पाणी प्यायला लावा, गळ्यापुढे फुगवटा हलताना दिसला तर नक्की दाखवा. आणि उलट प्रकारही असतो बरं का, भरपूर खाऊनही वजन उतरतंय, छातीत धडधड, हात थरथरतात, अभ्यासात लक्ष नाही, तेव्हाही हीच टेस्ट.

डॉक्टरकडे जाताना लसीकरणाचं कार्ड आणि शाळेतल्या उंची-वजनाच्या जुन्या नोंदी घेऊन जा, ग्राफ काढला की अर्धं चित्र तिथेच कळतं. आई, आजी, मावशी कुणाला थायरॉइड आहे तेही सांगा.

टेस्ट म्हणजे टीएसएच आणि फ्री टी४ (थायरॉइड ग्रंथी स्वतः बनवते तो हार्मोन), सुरुवातीला एवढंच पुरे, मोठं पॅकेज कुणी गळ्यात मारलं तरी घेऊ नका. उपाशी न्यायची गरज नाही, पोटभर नाश्ता करून न्या, सुई टोचताना भुकेलं मूल दुप्पट रडतं. केसांसाठी बायोटिनच्या गमी चालू असतील तर डॉक्टरांना सांगून दोन दिवस आधी बंद करा, त्याने रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

रिपोर्टवर छापलेली रेंज बऱ्याचदा मोठ्या माणसांची असते, बाळांची वेगळी, म्हणून लाल अक्षर दिसलं की घाबरून आजीची गोळी अर्धी करून देऊ नका (लोक देतात!). मोठ्या मुलात टीएसएच ५ ते १० च्या मधे आणि टी४ नॉर्मल असेल तर बहुतेक वेळा काही आठवड्यांनी परत तपासतात, सोबत अँटी-टीपीओ (शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर हल्ला करतंय का ते बघणारी टेस्ट) करतात. टी४ पण कमी असेल तर मात्र थांबायचं नाही, शक्य असेल तर मुलांच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टकडेच (हार्मोनच्या डॉक्टरांकडे) जा. सोनोग्राफी गाठ किंवा सूज असेल तरच.

नवजात बाळाचं वेगळं. तिथे लक्षणांची वाट बघायचीच नाही, कारण सुरुवातीला बाळ एकदम ठीक दिसतं. जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत टाचेतून रक्ताचे थेंब घेतात, सगळ्याच हॉस्पिटलात हे आपोआप होत नाही, डिस्चार्जच्या आधी स्वतः विचारा आणि रिपोर्ट हातात घ्या. दोष निघाला तर पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू व्हायला हवी, मेंदूच्या वाढीचा प्रश्न असतो.

डाउन सिंड्रोम किंवा टाइप १ डायबिटीस असलेल्या मुलांची टेस्ट काही त्रास नसला तरी ठरावीक काळाने करावीच लागते, किती दिवसांनी ते डॉक्टरांकडून फाइलवर लिहून घ्या.