अंगठ्याच्या बुडाचं हाड: छोट्या छेदाच्या ऑपरेशननंतर पाय कसा सांभाळायचा

बनियनच्या, म्हणजे पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी बाहेर आलेल्या हाडाच्या, या ऑपरेशनमध्ये छेद जेमतेम ३ ते ५ मिलिमीटरचे असतात. पण आत हाड कापून, सरकवून स्क्रूने बसवलेलं असतं. वरून इवलासा टाका दिसतो म्हणून लोक चौथ्या दिवशीच स्वयंपाकघरात उभे राहतात, आणि इथंच चुकतं.

पहिले २ आठवडे पाय उशांवर, छातीपेक्षा वर. खाली सोडला की ठणका आणि सूज वाढलीच. उठायचं ते जेवणाला, संडासला. तेही कडक तळव्याचा सर्जिकल बूट घालून, भार टाचेवर. ड्रेसिंगची पट्टी अंगठा सरळ धरून ठेवते, ती घरी सोडू नका. पावसात भिजली तर त्याच दिवशी दवाखान्यात बदलून घ्या.

टाके निघाल्यावर, डॉक्टरांनी परवानगी दिली की मग अंगठा हाताने धरून हळू वर-खाली करा. दुखतं म्हणून टाळलं तर सांधा आखडतो. तंबाखू, मिश्री बंदच. त्यांनी हाड जुळायला उशीर लागतो.

कोल्हापुरी चप्पल? एक्स-रेत हाड जुळलेलं दिसेपर्यंत नाही. नव्या जोडाचं कातडं कडक, आणि अंगठ्याची पट्टी नेमकी तिथंच ओढते.

ताप, पू किंवा पोटरीला दुखरी सूज आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दम लागला तर थेट इमर्जन्सीत.