रिडायरेक्टनंतर मेसेज गायब होतो? जावा वेब अ‍ॅपमध्ये या चुका टाळा

फॉर्म सेव्ह होतो, डेटाबेसात नोंद पडते, पण पुढच्या पानावर ‘अर्ज जतन झाला’ ही ओळ दिसत नाही. लॉगमध्ये एररही नसते. कारण साधं आहे: रिडायरेक्टमध्ये सर्व्हर ३०२ किंवा ३०३ सोबत नवा पत्ता देतो आणि ब्राउझर तिथे वेगळी रिक्वेस्ट पाठवतो. आधीच्या रिक्वेस्टच्या सेटअ‍ॅट्रिब्यूटमध्ये ठेवलेलं सगळं तोवर संपलेलं असतं.

यावर रिडायरेक्ट काढून फॉरवर्ड (सर्व्हरने त्याच रिक्वेस्टमध्ये दुसरं पान दाखवणं) टाकू नका. मेसेज दिसेल, पण पान रिफ्रेश केलं की फॉर्म पुन्हा सबमिट होऊन दुहेरी नोंद पडू शकते. मजकूर पत्त्याला जोडणंही वाईट. तो रिफ्रेशनंतर तसाच राहतो, आणि कुणीही हवा तो मजकूर घालून लिंक पाठवू शकतो. एस्केप न करता (एचटीएमएलची खास चिन्हं निष्प्रभ न करता) छापलात तर थेट एक्सएसएस, म्हणजे तुमच्या पानात परकी स्क्रिप्ट चालण्याचा धोका.

साध्या सर्व्हलेटमध्ये (रिक्वेस्ट हाताळणारा जावा क्लास) मेसेज सेशनमध्ये, म्हणजे त्या वापरकर्त्यासाठी सर्व्हरवर अनेक रिक्वेस्ट टिकणाऱ्या साठ्यात ठेवा आणि वाचताक्षणी रिमूव्हअ‍ॅट्रिब्यूट करा. वाचण्याचं काम सगळ्या पानांच्या सामायिक हेडरमध्ये टाकलं, तर दुसऱ्या टॅबमधलं पान आधी लोड होऊन तो मेसेज उचलतं.

स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कमध्ये ३.१ पासून याची सोय आहे, तिला फ्लॅश म्हणतात; त्यात ठेवलेलं फक्त पुढच्या रिक्वेस्टपर्यंत टिकतं: कंट्रोलरच्या मेथडला रिडायरेक्टअ‍ॅट्रिब्यूट्स पॅरामीटर द्या आणि अ‍ॅडफ्लॅशअ‍ॅट्रिब्यूट वापरा. नुसतं अ‍ॅडअ‍ॅट्रिब्यूट लिहिलं की मजकूर पत्त्यात जातो. ही चूक फार होते. फ्लॅशसोबत पुढच्या पानाचा पाथ साठवला जातो, म्हणून भलतं पान तो खात नाही. फ्लॅशची मुदत, तुम्ही बदलली नाहीत तर, १८० सेकंदांची.

तरीही मेसेज हरवत असेल तर बहुधा मध्ये दुसरा रिडायरेक्ट आहे. पहिल्या पानाने फ्लॅश वाचला, की तो सेशनमधून गेला. शक्यतो थेट शेवटच्या पानाकडेच पाठवा. ते जमत नसेल तर मधल्या कंट्रोलरमध्ये तो पुन्हा भरा. कंट्रोलरमधून स्वतः सेंडरिडायरेक्ट केलं तर फ्लॅश आपोआप साठत नाही. आधी गेटआउटपुटफ्लॅशमॅपमध्ये मेसेज घाला, मग रिक्वेस्टकॉन्टेक्स्टयुटिल्सचं सेव्हआउटपुटफ्लॅशमॅप बोलवा. फिल्टरमध्ये हे चालणार नाही, कारण तिथे डिस्पॅचरसर्व्हलेटचं (रिक्वेस्ट कंट्रोलरकडे पोचवणारं स्प्रिंगचं मुख्य सर्व्हलेट) काम अजून सुरूच झालेलं नसतं.

व्हॅलिडेशन चुकलं तर रिडायरेक्ट करूच नका. तोच फॉर्म त्याच रिक्वेस्टमध्ये पुन्हा दाखवा. बाइंडिंगरिझल्ट (व्हॅलिडेशनच्या चुकांची यादी) फ्लॅशमधून नेण्याची कसरत वाचते.

जेएसएफ या दुसऱ्या जावा फ्रेमवर्कमध्ये फेसेसमेसेज (पानावर दाखवायचा मेसेज) रिक्वेस्टपुरताच असतो. अ‍ॅक्शन मेथडमध्येच जेएसएफच्या फ्लॅशवर सेटकीपमेसेजेस ट्रू करा. मोहाराच्या (जेएसएफचं एक प्रचलित इम्प्लिमेंटेशन) लॉगमध्ये जेएसएफ१०९५ हा कोड दिसला, तर फ्लॅशची कुकी लिहायच्या आधीच रिस्पॉन्स निघून गेला आहे. फेसलेट्सचा (जेएसएफची पानं तयार करणारा भाग) बफर वाढवा.

कोड ठीक असूनही अडलंच, तर ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये प्रिझर्व्ह लॉग लावा. पोस्ट आणि नंतरच्या गेट रिक्वेस्टमध्ये जेसेशनआयडी (सेशन ओळखणारी कुकी) एकच आहे का, ते पाहा. गेटच्या उत्तरात नवी कुकी आली असेल तर सेशन तुटलं. लोकलहोस्टवरून १२७.०.०.१ वर, किंवा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेल्या नावावरून नसलेल्यावर उडी मारली की हेच होतं. अ‍ॅप प्रॉक्सीमागे असेल तर लोकेशन हेडर (रिडायरेक्टचा नवा पत्ता) एचटीटीपीएसऐवजी एचटीटीपी दाखवतो का, तेही तपासा: सिक्युअर कुकी तिथे जातच नाही. एकापेक्षा जास्त सर्व्हर असतील आणि सेशन रेडिस या सामायिक डेटा स्टोअरमध्ये असेल, तर फ्लॅशमध्ये मोठं ऑब्जेक्ट न ठेवता साधी स्ट्रिंग ठेवा, म्हणजे सीरियलायझेशन (ऑब्जेक्ट साठवता येईल अशा रूपात बदलणं) अडत नाही.