महागडे लोकरी मोजे घेताय? या चुका टाळा

ज्या मंडळींनी अ‍ॅक्शनच्या स्वस्तातल्या शूजवर अख्खा सह्याद्री पालथा घातला, त्यांना मोज्यांच्या एका जोडीचे दोन-अडीच हजार ऐकूनच हसू येतं. त्यांचं अगदीच चूक नाही. दुसरीकडे, हिमालयातला आठवडाभराचा ट्रेक करून आलेला मित्र मेरिनोचं, म्हणजे त्या नावाच्या मेंढीच्या मऊ लोकरीच्या मोज्यांचं, कौतुक थांबवत नाही, आणि तोही थापा मारत नसतो. दोघांचा वाद मिटत नाही, कारण दोघं वेगवेगळ्या ट्रेकबद्दल बोलत असतात.

माझा हिशेब साधा आहे. मेरिनो लोकरीचा मोजा पहिल्या दिवशी फार काही करामत दाखवत नाही. त्याची किंमत कळते ती दुसऱ्या दिवशी सकाळी, कालचाच मोजा पुन्हा पायात चढवताना. सुती मोजा तोवर गार आणि चिकट झालेला असतो, शिवाय तंबूतल्या सोबत्यांना नकोसा. मेरिनो बऱ्यापैकी कोरडा असतो आणि त्याचा वासही बेताचाच असतो. ट्रेकला दुसरा दिवसच नसेल तर एवढे पैसे घालायचं फारसं कारण नाही. पण दुसरा-तिसरा दिवस असूनही अनेकांचे पैसे फुकट जातात, ते पुढच्या चुकांमुळे.

पावसाळी ट्रेकसाठी मेरिनो घेणं

जून लागला की ग्रुपवर हमखास प्रश्न येतो: पावसात पाय कोरडे राहतील असे मोजे कोणते? असे मोजे नाहीत. पावसाळ्यात शूजमध्ये पाणी शिरतं ते वरून, ओढा ओलांडताना किंवा धबधब्याखाली उभं राहिल्यावर. तिथे सगळे मोजे सारखेच भिजतात.

लोकरीचा गुण वेगळा आहे. ती घामाची वाफ तंतूच्या आत ओढून घेते. स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओलावा पोटात घेऊनही ती हाताला ओली लागत नाही. पॉलिएस्टरचा तंतू पाणी जवळजवळ पीतच नाही. सुती कापड पितं, पण ते लगेच ओलं लागतं आणि त्वचेला चिकटून बसतं. म्हणजे लोकरीची खासियत घामाशी झुंजण्यात आहे, ओढ्याशी नाही. एकदा चिंब भिजली की तीच लोकर जड होते आणि सुकायला नायलॉन-पॉलिएस्टरपेक्षा जास्त वेळ घेते. जुलैत मुंबईच्या घरात दोरीवर टाकलेला जाड लोकरी मोजा तिसऱ्या दिवशीही दमट लागला तर त्यात मोज्याचा दोष नाही.

तेव्हा एका दिवसाच्या पावसाळी ट्रेकला पातळ नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे मोजे घाला आणि दुसरी जोडी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सॅकमध्ये ठेवा. जळवांसाठीही मेरिनोचा उपयोग नाही. विणलेल्या मोज्याच्या जाळीतून बारीक जळू वाट काढते. आंबोली, वासोटा, दाजीपूरकडे जायचं तर घट्ट कापडाचे, गुडघ्यापर्यंत येणारे लीच सॉक्स वेगळे मिळतात, ते घ्या.

गडावर किंवा गुहेत मुक्काम असेल तर मात्र गणित थोडं बदलतं. ओली लोकर ओल्या सुतापेक्षा कमी गारठवते. धनगरांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी डोक्यावरून खोळ करून घ्यायची आणि धो धो पावसात मेंढरांमागे उभं राहायचं, हे इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. फक्त आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, पायाला टोचणारी. मेरिनोचा तंतू साधारण १७ ते २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. तंतू ३० मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून जाड झाला की तो त्वचेवर वाकत नाही, टोचतो. महागड्या मोज्याच्या किमतीतला मोठा वाटा या बारीक तंतूचा आहे.

‘मेरिनो’ वाचून पिशवीत टाकणं

पुठ्ठ्यावर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘मेरिनो’ लिहिलेलं असतं. मागे बारीक अक्षरांत काय आहे ते बघा. तिथे लोकर वीस-पंचवीस टक्के आणि बाकी अ‍ॅक्रिलिक निघालं, तर तो मेरिनोच्या भावातला अ‍ॅक्रिलिक मोजा आहे.

उलटी चूकही तितकीच होते. काहीजण हट्टाने शंभर टक्के लोकर शोधतात आणि नायलॉन दिसलं की भेसळ समजतात. नुसत्या मेरिनोचा मोजा मऊ असतो खरा, पण टाचेला आणि अंगठ्याला पटकन विरतो. साधारण ५५ ते ७० टक्के लोकर, बाकी बरंचसं नायलॉन आणि दोन-पाच टक्के लायक्रा (ताणला जाणारा धागा), असं मिश्रण चालण्याच्या मोज्याला योग्य. नायलॉन झीज सोसतं, लायक्रा मोजा घरंगळू देत नाही.

रस्त्यावरच्या ढिगातून ‘वूलन’ म्हणून घेतलेल्या मोज्याची शंका असेल तर आतून लोंबणारा एखादा धागा कापा, चिमट्यात धरा आणि मोरीत नेऊन काडी लावा. लोकर असेल तर केस जळल्यासारखा वास येतो, काडी बाजूला केली की आग विझते आणि राख बोटाने चुरडली जाते. अ‍ॅक्रिलिक भसकन पेटतं, वितळतं आणि मागे कडक काळी गोळी राहते. मिश्रण असेल तर दोन्ही खुणा दिसतील. दुकानात उभं राहून हा प्रयोग करू नका, एवढंच.

घट्ट शूजमध्ये जाड मोजा कोंबणं

हिमालयात जाणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींची ही सगळ्यात महागात पडणारी चूक. डिसेंबर-जानेवारीत उत्तराखंडातल्या केदारकंठ्याला जायचं ठरतं, सुमारे १२,५०० फूट आणि वाटेत बर्फ. शूज आधीचेच, सह्याद्रीत पातळ मोज्यावर फिट बसणारे. त्यात सर्वांत जाड लोकरी मोजा घातला जातो, वर भीती म्हणून आणखी एक. आणि मग तक्रार सुरू होते: एवढे महाग मोजे घेतले तरी बोटं बधिर झाली.

बधिर होणारच. ऊब देते ती लोकरीत अडकलेली हवा. मोजा दाबला गेला की हवा निघून जाते, आणि आवळलेल्या पायात रक्त नीट फिरत नाही. जाड मोज्याने पाय आणखी गार पडतो तो असा. मोजा घालून, नाड्या बांधून उभं राहा. आत बोटं मोकळी हलत नसतील तर शूज मोठा हवा किंवा मोजा पातळ हवा, तिसरा उपाय नाही. शूज घ्यायला जाल तेव्हा ट्रेकचाच मोजा सोबत न्या आणि संध्याकाळी जा. दिवसभर चालून पाय किंचित सुजलेला असतो, ट्रेकवरही तो तसाच असणार आहे.

थंडीतल्या ट्रेकला माझ्या मते तीन जोड्या पुरतात: चालायच्या दोन, आलटून पालटून, आणि झोपायची एक. झोपायची जोडी तंबूबाहेर काढायचीच नाही, कितीही मोह झाला तरी. ती थोडी सैल असावी आणि फार महाग असायची गरज नाही. चालून दमट झालेली जोडी रात्री स्लीपिंग बॅगमध्ये अंगाशी धरून झोपलात तर सकाळपर्यंत बरीच सुकते. हे ऐकायला किळसवाणं वाटतं, चौथ्या दिवशी कुणाला वाटत नाही. ढाब्यावरच्या चुलीशेजारी किंवा शेकोटीवर मोजे वाळवायला मात्र जाऊ नका. लोकर करपते, त्यातलं नायलॉन वितळतं आणि मोज्याला कडक चट्टा पडतो. तोच चट्टा उद्या टाचेला घासणार.

शूजचा दोष मोज्यावर ढकलणं

कात्रज ते सिंहगड रात्रीचा ट्रेक म्हणजे एकामागून एक टेकड्या, चढ आणि लगेच मुरमाड घसरडा उतार. इथे मोज्यांची परीक्षा होते असं म्हणतात, पण खरी परीक्षा शूजची आणि नाड्यांची होते.

फोड येतो तो घर्षणाने, आणि ओली त्वचा जास्त लवकर सोलते. मोजा ओलावा कमी ठेवू शकतो, थोडी गादी देऊ शकतो. टाच शूजमध्ये वर-खाली होत असेल तर ते त्याच्या हातात नाही. म्हणून फोड कुठे आला ते आधी बघा. टाचेमागे आला असेल तर शूज सैल आहे किंवा नाड्या घोट्याजवळ ढिल्या आहेत. सगळ्यात वरचं, बहुतेकांचं रिकामंच राहणारं भोक वापरून नाडी आवळा. बोटांच्या टोकाला दुखतंय किंवा नख काळं पडतंय तर उतारावर पाय पुढे सरकतोय, किंवा नखं वाढलेली आहेत. ट्रेकच्या दोन दिवस आधी नखं कापा. वाढलेलं नख मोज्यालाही आतून भोक पाडतं. बोटांच्या मधे फोड येत असतील तर शिवण बघा: मोजा उलटा करून बोटांवरच्या शिवणीवरून बोट फिरवा, कडक वळ लागला तर तीच जागा. फोड तळव्याला, चवड्यावर असेल तर मोजा मोठा झालाय आणि त्याच्या चुण्या पडतायत. ‘फ्री साइज’ मोज्यांत हे फार होतं. टाचेचा खोलगट भाग टाचेवरच बसला पाहिजे, वर घोट्याकडे नाही.

जागा गरम लागू लागली की तिथेच थांबा, पाय कोरडा करा आणि मायक्रोपोर (दवाखान्यातली कागदी चिकटपट्टी) चिकटवा. ‘वर पोहोचल्यावर बघू’ म्हणणाऱ्यांचे फोड वर पोहोचेपर्यंत फुटलेले असतात.

बाकी कपड्यांबरोबर धुणं

मेरिनो मोजे ट्रेकवर कमी आणि मोरीत जास्त मरतात. लाल मातीने माखलेले मोजे गरम पाण्यात भिजवले, डिटर्जंट पावडर टाकली, ब्रशने खसाखसा घासले, पिळून पीळ दिला आणि उन्हात टांगले, की दोन-तीन धुण्यांत मोजा लहान मुलाच्या मापाचा होतो. यात आटण्याचं कारण नुसतं गरम पाणी नाही. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ओल, उष्णता आणि घासाघीस एकत्र आली की खवले एकमेकांत अडकतात आणि विणीचा घट्ट नमदा होतो. तो परत सुटत नाही. ज्यांच्या लेबलवर मशीन चालेल असं लिहिलंय, त्यांचे खवले कारखान्यात क्लोरीनची प्रक्रिया करून बोथट केलेले असतात आणि वर पॉलिमरचा पातळ थर दिलेला असतो. तेही गार पाण्यात, हलक्या सायकलवर आणि मोजे उलटे करूनच.

पावडरीचं वेगळं प्रकरण आहे. डाग खाणाऱ्या अनेक पावडरींमध्ये प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात. लोकर हे केसांसारखंच प्रथिन, त्यामुळे डागाबरोबर मोजाही खाल्ला जातो. स्वेटरसाठी घरात ईझीची बाटली असतेच, तीच वापरा. फॅब्रिक सॉफ्टनर नको, तो तंतूंवर लेप चढवतो आणि ओलावा ओढायचं काम मंदावतं. चिखल ओला असताना घासू नका, वाळू द्या आणि झटका, निम्मी माती तशीच पडते. धुऊन झाल्यावर टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, पिळू नका, आणि सावलीत वाळवा. धुण्याभांड्याला मावशी येत असतील तर हे मोजे बादलीत टाकूच नका. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, बाकीचे मोजे असेच धुवायचे असतात.

कुसळं आणि कसर

ऑक्टोबर-नोव्हेंबरात गडावरचं गवत वाळतं आणि कुसळांचा मोसम सुरू होतो. आतून टॉवेलसारखे फेरे असलेला जाड मोजा कुसळांना फार आवडतो. कुसळ बाहेरून ओढलं की मोडतं आणि टोक आत राहतं, चालताना ते टोचतच राहतं. मोजा उलटा करा आणि टोकाच्या दिशेने, आतून बाहेर खेचा. धागा बाहेर आला तर कापू नका, सुईने आत घाला. गेटर (शूजच्या वरून पोटरीवर चढवायचं कापडी आवरण) घातले तर हा उद्योगच वाचतो. गवताळ वाटांना मी तरी महागडे मोजे काढत नाही.

कसर हा आणखी एक छुपा खर्च. घामाचे मोजे तसेच सॅकच्या तळाशी राहिले, पावसाळा गेला, दिवाळीनंतर बाहेर काढले की चाळणी. कसरीच्या अळ्यांना घाम लागलेली लोकर जास्त प्रिय असते. धुऊन, पूर्ण वाळवून, बंद पिशवीत ठेवा.

गॅरंटीवर भुलून जाणं

अमेरिकेतल्या व्हर्माँटची डार्न टफ ही कंपनी आपल्या मोज्यांना आजन्म गॅरंटी देते, विरले की बदलून मिळतात. तिथे साधारण २५ डॉलरला जोडी मिळते, म्हणून इथे अनेक घरांत सुट्टीवर येणाऱ्या चुलतभावाकडे मोज्यांची यादी जाते. मागवा जरूर, पण गॅरंटी धरून हिशेब करू नका. विरलेला मोजा परत पाठवायला आणि नवा मागवायला जो खर्च येईल त्यात इथली एक बरी जोडी येते. भाऊ पुन्हा जाणार असेल तर त्याच्या बॅगेत द्या, तेही धुऊन.

इथल्या दुकानांत मिश्र लोकरीच्या जोड्या सात-आठशेपासून मिळतात. पहिल्यांदाच हिमालयात निघाला असाल तर तशी एक जोडी घ्या, आधी राजगड-तोरण्यासारख्या दोन दिवसांच्या ट्रेकला घालून बघा आणि मग वरची किंमत द्यायची का ते ठरवा. टाचेकडे वीण पातळ दिसू लागली, उजेडात धरल्यावर आरपार दिसू लागलं, की भोक पडायची वाट न बघता त्याच रंगाच्या लोकरीने आडवे-उभे टाके घालून घ्या. गाठ आतल्या बाजूला मारू नका, ती पहिल्याच चढावर टाचेला लागते.